पेपरवेटवाले जांबुवंतराव

हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समधे रातोरात डांबर पडते, तर्री पोह्याच्या ठेल्यावर कार्यकर्त्यांची गर्दी, अन् कोणीतरी म्हातारबाबा जांबुवंतराव धोटेंचा विषय काढतेच. आजच्या पोट्ट्यांना नावही माहीत नाही राव! यवतमाळचा माणूस, १९६२ ला आमदार झाले, मग भर विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावला, आमदारकी गेली, पोटनिवडणूक लागली अन् हा गडी त्याच जागेवरून परत निवडून आला, म्हणजे सभागृहानं हाकललं अन् लोकांनी परत पाठवलं, बोला आता. १९७१ ला वेगळ्या विदर्भाचा झेंडा घेऊन फॉरवर्ड ब्लॉककडून नागपूरचे खासदार. इथपर्यंत एकदम भारी. पण १९८० ला त्याच नागपुरातून इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर? हे मला अजून पचत नाही, ज्यांच्याशी उभा दावा त्यांच्याच पंगतीत काहून बसायचं बाप्पा? २००२ मधे विदर्भ जनता काँग्रेस काढली, पण तोवर हवा गेली होती. २०१७ ला ते गेले. पेपरवेट फेकणं चूकच, पण आताचे काही आमदार पायऱ्यांवर बॅनर धरून फोटो काढतात अन् दुपारी हुरडा पार्टीत दिसतात, त्यांच्यापेक्षा तो राग तरी खरा वाटते मला.