वाळकेश्वर: आधी तळं, मग देऊळ

पितृपक्षातल्या रविवारी आत्याला घेऊन वाळकेश्वरला गेले. काकांच्या नावानं तर्पण करायचं तिच्या मनात होतं. चर्नी रोडला टॅक्सी केली आणि थेट तळ्यापर्यंत न्यायचा हट्ट धरला, तो नडला. गल्ली चिंचोळी, समोरून टेम्पो आला आणि वीस मिनिटं तिथेच बसून राहिलो. तुम्ही वरच्या रस्त्यालाच उतरा आणि उतार चालत जा.

गल्ली संपता संपता दीपमाळा दिसतात आणि खाली बाणगंगा तळं. चारी बाजूंनी पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, काठाला देवळं, मठ आणि माणसांची राहती घरं. शिलाहार राजांच्या पदरी असलेल्या लक्ष्मण प्रभूनं 1127 साली हे तळं बांधलं असं सांगतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडं. आत्यानं गुरुजींना विचारलं, "खारं कसं नाही हो?" ते तीळ मोजता मोजता म्हणाले, "रामानं बाण मारलाय ना!" जमिनीतला झरा आहे, पण त्या घडीला मी गप्प बसले.

विधी करायचा असेल तर दक्षिणा आधी ठरवा. पिंड, फुलं पाण्यात सोडू नका. पितृपक्षानंतर इथे मासे मरून तरंगतात, कारण कुजणारं अन्न पाण्यातला प्राणवायू खातं. पायऱ्या शेवाळलेल्या असतात. आत्या माझ्या हाताला धरूनही दोनदा घसरली.

वाळकेश्वराच्या देवळाबद्दल आधीच सांगते: शिलाहारकालीन कोरीव दगड बघायच्या आशेनं गेलात तर हिरमोड होईल. जुनं देऊळ पोर्तुगीजांच्या काळात पडलं. आजचं 1715 च्या सुमाराचं, रामा कामती या सारस्वत व्यापाऱ्यानं बांधवलेलं. पुढे कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून इंग्रजांनी त्याला कैदेत टाकलं. पुराव्याची पत्रं बनावट होती असं नंतर उघड झालं, पण तोवर तो तुरुंगातच वारला होता. गाभाऱ्यासमोर उभी असताना मला रामापेक्षा हा रामाच जास्त आठवत होता. लक्ष्मण काशीहून लिंग आणेपर्यंत रामानं वाळूचं लिंग केलं, म्हणून वालुकेश्वर, ही कथा आत्यानं मला तिथे तिसऱ्यांदा सांगितली.

घाटावरचं बांधकाम नीट बघायचं तर सकाळी सातच्या आत या आणि आधी तळ्याला एक पूर्ण फेरी मारा. मग जबरेश्वराच्या देवळाकडे वळा. घरांच्या दाटीत ते पटकन सापडत नाही, कुणालाही विचारा. चपला पिशवीत ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या पायरीवरूनच नमस्कार करावा, देव समजून घेतो.

त्रिपुरी पौर्णिमेला पायऱ्यांवर दिवे लागतात, तेव्हा परत जायचं ठरलंय. आत्याची एकच अट: "टॅक्सी वरच सोडायची."