पाइपाच्या अलीकडची तिवरं

नवी मुंबईत घणसोलीच्या मागे खाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याखालून सिमेंटचा एक जुना पाइप जातो. रस्त्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, माझ्या दीडपट उंच आणि दाट आहेत. अलीकडे, जेमतेम वीस पावलांवर, तीच तिवरं साल सुटून राखाडी झालीत. माती तीच, वरचं ऊनही तेच, आणि कुणी कुऱ्हाड लावलेली नाही.

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि प्रकल्पासाठी मी हाच तुकडा घेतला. मार्गदर्शक बाईंचं म्हणणं होतं की फ्लेमिंगो घे, माहिती भरपूर मिळेल. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं, २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, त्यामुळे लिहायला विषय तयारच होता. पण लहानपणी ज्या खाजणात मी बाबांच्या मागे डबा घेऊन फिरले, तिथली झाडं उभ्या उभ्या मरताना मला रोज बसमधून दिसत होती. मला दुसरा विषय घेणं जमलं नाही.

प्लंबिंगच्या पाइपांची एक मीटर लांब-रुंद चौकट बनवली. ती चिखलावर ठेवायची आणि आत जे असेल ते मोजायचं. पहिल्या दोन फेऱ्या वाया गेल्या, कारण दोन्ही बाजू सारख्याच कोरड्या दिसल्या. बाबा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "काय मोजतेस गो? आज आठम हाय, भांग लागलाय. पानी वर येवाचाच नाय." मी कॉलेजच्या सुट्ट्या बघून तारखा ठरवल्या होत्या आणि त्या नेमक्या भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, निघाल्या होत्या. मग वहीवर कालनिर्णय चिकटवलं आणि पुनवेला-आवसेला, उधाणाचं पाणी उतरल्यावर जायला लागले. माझ्या प्रबंधात 'कार्यपद्धती' नावाचं जे प्रकरण आहे, त्यातलं निम्मं बाबांचं आहे, आणि तसं मी त्यात लिहिलंय.

पलीकडच्या चौकटीत काय असतं ते सांगते. पेन्सिलीएवढी श्वासमुळं चिखलातून सरळ वर आलेली, एका चौकटीत शंभराच्या वर. तिवराची खालची मुळं ज्या चिखलात असतात त्यात हवा नसते, म्हणून ओहोटीच्या वेळी ही वरची मुळं हवा ओढून खाली देतात. त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, टुणटुण उड्या मारत पळतात. पाच मिनिटं न हलता उभं राहिलं की एक-एक करून बारके फिडलर खेकडे बिळाच्या तोंडाशी येतात. नराचा एक नांगा अंगापेक्षा मोठा, तो वर-खाली हलवत राहतो. बिळाभोवती चिखलाच्या बारीक गोळ्यांची रास असते. ती बिळं म्हणजे चिखलाची नांगरट, त्यातूनच खाली हवा आणि भरतीचं पाणी जातं. पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण जास्तीचं मीठ झाड पानातून बाहेर टाकतं.

अलीकडची चौकट मोजायला तीन मिनिटं पुरतात. मोडकी मुळं, त्यांवर काळपट शेवाळाची साय, आणि पाय घातला की सडक्या अंड्याचा वास. बिळं एका फेरीत चार मिळाली, दुसऱ्या फेरीत एकही नाही.

पाइपाच्या तोंडात डेब्रिज कोंबलंय, एवढंच कारण. भरती आत येत नाही. पावसाळ्यात आत साचलेलं पाणी बाहेर जात नाही, श्वासमुळं आठवडेच्या आठवडे बुडून राहतात आणि झाड गुदमरतं. उन्हाळ्यात तेच पाणी आटतं आणि मीठ मागे राहतं, दर वर्षी थोडं जास्त. डासांच्या अळ्या खाणारे बारके मासे भरतीबरोबर येत नाहीत, म्हणून जवळच्या इमारतींमधले लोक डासांनी हैराण आहेत आणि वैतागून म्हणतात, ही तिवरंच काढून टाका. हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं.

उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीवर बंदी घातली, भोवती ५० मीटरची पट्टी मोकळी ठेवायला सांगितली. त्यामुळे पुष्कळ झाडं वाचली, हे मी मानते. पण मी एका कार्यालयात फोटोंसह अर्ज दिला, तेव्हा उत्तर आलं की पाहणीत तोड आढळली नाही. बरोबरच आहे, तोड झालेलीच नाही! पाण्याची वाट बंद करणं म्हणजेच तोड, हे त्यांना पटवण्यासाठी मला चौदा महिन्यांचे आकडे लागले.

फ्लेमिंगोंबद्दलही मला हेच वाटतं. हजारो गुलाबी पक्षी दिसले की आपण म्हणतो, खाडी छान आहे. लहान रोहित, म्हणजे फ्लेमिंगोची छोटी जात, जे शेवाळ खातो ते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर माजतं, असं बरेच अभ्यासक मानतात. पक्षी आले याचा मला आनंदच होतो. पण खाडीची तब्येत विचारायची तर मी खेकड्याचं बीळ बघेन. बाबांच्या पागात, म्हणजे फेकायच्या जाळ्यात, पूर्वी जिताडा मासा यायचा. आता पाग माळ्यावर आहे.

आकडे आणि नकाशा जोडून दुसरा अर्ज दिला. मे महिन्यात कुणीतरी येऊन अर्धा पाइप मोकळा करून गेलं. श्रावणी पुनवेला आम्ही दोघं गेलो. पाणी आत आलं होतं, घोट्यापर्यंतच, पण वाहतं होतं, आणि त्याबरोबर पलीकडच्या झाडांच्या बिया. मेलेली झाडं आता फुटणार नाहीत. पण भादव्याच्या आवसेला चौकटीत दोन-दोन पानांची अकरा रोपं मोजली, त्यापुढच्या पुनवेला सात. बाबांनी चार कुठे गेली ते शोधायला चिखलात हात घातला, आणि प्लास्टिकच्या पिशवीखाली दबलेलं एक बाहेर काढलं. वहीत मी आठ लिहिले.