नोंदवही वरच्या मजल्यावर

रविवार, रात्री दहा

आज जुलैची ग्रामसभा. पावसाने सकाळपासून उसंत घेतली नव्हती. आमच्या पंचायत घरात सचिवांचं कार्यालय खाली आणि सभागृह वर, मध्ये सतरा पायऱ्या. कुबडीची रबरी टोपी झिजली आहे. दुसऱ्याच पायरीवर ओल्या लादीवरून ती सरकली. मग वाड्यावरच्या दोन मुलांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. "काकी, घट्ट धरा हां." मुलं गुणी आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण खुर्चीचे पाय वाकत होते, मी एका हाताने भिंत धरली होती, आणि वर पोचले तेव्हा सगळी सभा मागे वळून बघत होती. अशा वेळी बोलायला उठलं की आवाज कापतो.

सही करताना लक्षात आलं, नोंदवही वरच असते. म्हणजे जो चढू शकत नाही, तो गैरहजर. आमच्या शेजारचे भाऊ माडावरून पडल्यापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. दर पावसाळ्यात गटार तुंबतं ते त्यांच्याच दारात, पण एकाही ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्यांचं नाव नाही.

मी रॅम्पचं विचारलं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, 2017 ला नियम झाले, जुन्या सरकारी इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत होती, ती 2022 ला संपली. त्याच 2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्या गोव्यात पंचायत निवडणूक झाली, तेव्हा शाळेच्या दारात उतार केला होता. मी स्वतः चालत जाऊन शिक्का मारला. मत हवं असतं तेव्हा उतार होतो!

एका पंचाने मायेने विचारलं, "काकी, तुमची डीएसएसएस येते ना वेळेवर?" येते. गोवा सरकारच्या त्या दयानंद सामाजिक सुरक्षा पेन्शनवर माझी औषधं चालतात. पण आज मी पेन्शनचं विचारायला गेलेच नव्हते. अंदाजपत्रकात इमारतीच्या दुरुस्तीला पैसे आहेत, त्यातून रॅम्प का नाही, एवढंच विचारायचं होतं.

पंचायतीत बायकांना राखीव जागा आहेत, अनुसूचित जमातींना आहेत, ओबीसींना आहेत. आम्हाला नाहीत. तामिळनाडूने 2025 मध्ये स्थानिक संस्थांवर दिव्यांग सदस्य नेमण्याचा कायदा केला. नेमणुकीपेक्षा निवडून येणं मला जास्त आवडेल, पण त्या टेबलाशी आमच्यातलं कुणी आधी बसू तर दे. रॅम्पचा विषय मग दरवर्षी पुढे ढकलला जाणार नाही.

शेवटी ठराव झाला : रॅम्पचं एस्टिमेट काढायचं आणि ऑक्टोबरची ग्रामसभा शाळेच्या तळमजल्यावर घ्यायची. लिहिलेलं वाचून दाखवा म्हटलं. सचिवांनी वाचलं.

येताना भाऊंच्या पडवीत थांबले, सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून द्यायला सांगितलं आणि म्हणाले, "ऑक्टोबरचा कितवा रविवार?"