लायनर आरशासारखा का नको

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनचं काम करून न्यायला आलेलं गिऱ्हाईक लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीत, बोट फिरवतं, आतल्या तिरक्या रेघा बघतं आणि विचारतं, “एवढं रफ का ठेवलंय?” प्रश्न रास्त आहे. खडबडीत असेल तर घर्षण जास्त, गुळगुळीत असेल तर कमी, असंच शाळेत शिकवलेलं असतं. ते एका हद्दीपर्यंत खरं आहे. त्या हद्दीपलीकडे मामला उलटतो.

डोळ्याला सपाट दिसणारा बिडाचा पृष्ठभाग बारकाईने पाहिला तर डोंगर-दऱ्यांचा असतो. लेथवरच्या चांगल्या कटाचा आरए, म्हणजे या चढउतारांची सरासरी, साधारण १.६ ते ३.२ मायक्रॉन येतो, ग्राइंडिंगला ०.२ ते ०.८, आणि लॅपिंगला, म्हणजे बारीक भुकटीच्या पेस्टने घासण्याला, ०.१ च्याही खाली जातो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की टेकतात ती फक्त शिखरं. वजनाने ती चेपतात, एकमेकांना धरतात, आणि वस्तू सरकवायची म्हणजे ही पकड तोडावी लागते. वजन दुप्पट केलं की टेकणारी जागा दुप्पट होते, म्हणून घर्षणही दुप्पट. वीट आडवी ठेवा नाहीतर उभी, ओढायला जोर जवळपास तेवढाच लागतो, त्याचं कारण हेच. आमोंताँ या फ्रेंच माणसाने हे नियम १६९९ मध्ये मांडले. कारण मात्र फार पुढे उलगडलं.

आता शिखरं घासत घासत जवळजवळ नाहीशीच केली तर? स्लिप गेज, म्हणजे मापं तपासायचे अतिगुळगुळीत ठोकळे, हाताळणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. दोन गेज स्वच्छ पुसून एकमेकांवर दाबत सरकवले की चिकटतात. सरळ ओढून सुटत नाहीत, सरकवूनच सोडवावे लागतात.

घर्षण घरी मोजायचं तर मीटरभर लांब फळी पुरते. तिच्यावर वस्तू ठेवा आणि एक टोक सावकाश उचलत जा. वस्तू सुटली त्या क्षणी थांबून त्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा, आणि तिथून ओळंबा सोडून खालच्या टोकापर्यंतचं जमिनीवरचं अंतर मोजा. उंचीला त्या अंतराने भागलं की घर्षणांक मिळतो. बहुतेकांची चूक इथेच होते, ते फळीच्या लांबीने भागतात. उंची २९ सेंटीमीटर असताना फरक किरकोळ पडतो, ०.३० ऐवजी ०.२९ येतं. पण ६० सेंटीमीटरवर जमिनीवरचं अंतर ८० असतं, म्हणजे खरं उत्तर ०.७५ आणि चुकीचं ०.६०. फळीला हिसका बसला तर वस्तू लवकर सुटते. बोटाचं तेल लागलं तरी आकडा बदलतो, म्हणून वस्तू कडेने धरा. उंच वस्तू घेऊ नका, सरकण्याऐवजी कोलमडते. प्रत्येक वेळी पाच वाचनं घ्या. फळीऐवजी फरशी घेऊन कोल्हापुरी चपलेवर हाच प्रयोग करा, एकदा कोरड्या फरशीवर, एकदा ओल्या. पावसाळ्यात नव्या चामडी तळाची चप्पल घालून ओल्या फरशीवरून जपून का चालायचं, ते आकड्यात दिसेल.

परत लायनरकडे. तिथे पिस्टनची रिंग कोरडी चालत नाही, तेलाच्या पातळ थरावर चालते. थर टिकला तर घर्षण कमी, आणि थर टिकवायला तेल साठवणाऱ्या दऱ्या लागतात. म्हणून होनिंग, म्हणजे फिरत वर-खाली होणाऱ्या दगडांनी (होनने) लायनर आतून घासणं, दोन टप्प्यांत करतात: आधी जाड दगडाने खोल रेघा, मग बारीक दगडाने मोजके स्ट्रोक, फक्त शिखरं छाटण्यापुरते. वर सपाट पठार, खाली तेलाचे चर. इथे एकट्या आरएवर भरवसा ठेवणं मला पटत नाही. टोकदार शिखरांचा आणि खोल चरांचा आरए सारखाच येऊ शकतो, पण पहिला रिंग खातो आणि दुसरा तिला सांभाळतो. आरए मोजणारा सुईचा टेस्टर फिरवायचा तोही बोअरच्या, म्हणजे लायनरच्या आतल्या पोकळीच्या, उभ्या दिशेने, ०.८ मिलिमीटर कट-ऑफ (मोजणीच्या एका टप्प्याची लांबी) आणि एकूण ४ मिलिमीटर लांबी ठेवून. रेघांच्याच दिशेने सुई फिरवली तर आकडा खोटा सुंदर येतो.

रेघांचा कोन ठरतो होनच्या फिरण्याच्या आणि वर-खाली होण्याच्या वेगावरून. वर-खाली चाल मंद असेल तर रेघा आडव्या पडतात आणि रिंग त्यांच्यावरून थरथरत जाते. चाल फार जलद असेल तर रेघा उभ्या होतात आणि तेल खाली निथळून जातं. जुन्या, चकाकणाऱ्या लायनरला हाताने पॉलिश पेपर वर-खाली मारणं म्हणजे त्या उभ्या रेघा स्वतःच ओढणं. नव्या इंजिनला सुरुवातीला तासन् तास बिनलोड चालवलं तर रिंग बोअरवर नीट दाबली जात नाही, पठारावर चकाकी धरते, मग तेल जळतं आणि निळा धूर निघतो.

होनिंगनंतरची धुलाई सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. नुसतं डिझेल मारून चरांत बसलेली दगडाची भुकटी पूर्ण निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घ्या, रेघांच्या दिशेने घासा, लगेच वाळवा आणि तेल लावा. मग पांढरं फडकं तेलात भिजवून आत फिरवा. त्यावर करडा डाग उठला तर पुन्हा धुवा, फडकं पांढरं निघेपर्यंत. ती भुकटी आत राहिली तर नवी रिंग लॅपिंग पेस्टवर चालल्यासारखीच झिजते.