एकटीसाठी एक सीट : गॅरेट ते फ्रॉस्टबर्ग, दिवसभर पायी

सायकल नसलेल्या माणसाला शटल, म्हणजे वाटेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पैसे घेऊन सोडणारी व्हॅन, मिळवताना इतका त्रास का व्हावा, हे मला अजून पटलेलं नाही.

ग्रेट ॲलेघेनी पॅसेज ही अमेरिकेतली पिट्सबर्गपासून कंबरलँडपर्यंतची, चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची १५० मैलांची, म्हणजे साधारण २४० किलोमीटरची वाट. जुन्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून त्यावर चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवलाय. मी चालले तो भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा. १९१२ साली सुरू झाला आणि १९७५ मध्ये गाड्या थांबल्या. गॅरेट ते फ्रॉस्टबर्ग, सुमारे ३३ किलोमीटर, ऑक्टोबरात, एकटीने. पिट्सबर्गला राहायला आल्यापासून मनात होतं.

अडचण अशी की वाट एका दिशेने जाते आणि गाडी एकाच टोकाला उभी असते. दोघं असले की दोन गाड्या नेतात, दोन्ही टोकांना एकेक लावतात, प्रश्न मिटला. मला चालेल अशी बस सापडली नाही. राहिलं शटल. या वाटेवर सायकलवाले भरपूर, त्यामुळे शटलवालेही आहेत.

पहिल्या कंपनीचा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. नाव, तारीख, कुठून कुठे, माणसं किती : १. सायकली किती : ०. खाली लाल अक्षरं, ‘योग्य संख्या भरा’. रकाना रिकामा सोडला तरी तेच. फोन केला तर व्हॉइसमेल. मेल केला, त्याचं उत्तर यायला आठवडा गेला आणि त्यात काय, तर तोच फॉर्म भरा. मी परत लिहिलं, माझ्याकडे सायकल नाही, मी चालणार आहे, फॉर्म शून्य घेत नाही. त्यावर आलं की किमान दोन माणसांचं भाडं पडेल. दोन माणसांचं का? व्हॅन तेवढीच जाणार, डिझेल तेवढंच, हे मला समजतं. पण मग तसं फॉर्मवर लिहा ना! भाडं जास्त आहे याचा राग नव्हता. विचारल्याशिवाय कळतच नाही आणि विचारलं की उत्तर येत नाही, याचा होता. तोवर ऑक्टोबर संपत आला होता. या भागात पानं रंगून गळायला लागली की थांबत नाहीत.

शेवटी दुसरीकडे एका बाईंनी स्वतः फोन उचलला. त्या म्हणाल्या, “सायकल एक लिहा, मी स्टँड रिकामा घेऊन येते.” तसं केलं. पावतीवर सायकल वाहतुकीचे पैसे लागलेच, पण बाई ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर होत्या. एवढंच तर हवं होतं मला.

म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा. गाडी शेवटच्या टोकाला लावा आणि शटल सकाळी घ्या. मी गाडी फ्रॉस्टबर्गला लावली आणि बाईंनी मला गॅरेटला सोडलं. संध्याकाळी कुणी ताटकळत नाही, आपण उशिरा पोचलो तरी चालतं. ऑक्टोबरात साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा ही मोकळीक फार मोलाची.

वाटेबद्दल बोलायचं तर ती रेल्वेची आहे, त्यामुळे चढ जाणवतच नाही. आपल्या बोरघाटात ३७ मीटरला एक मीटर चढतं. इथे गॅरेटकडून येताना शंभर मीटरला एक मीटरही नाही. पण सपाट म्हणजे सोपं असं समजू नका. पाऊल दर वेळी तसंच पडतं, तळव्याची तीच जागा घासते. जाड ट्रेकिंग बूट नकोत, पळायचे बूट बरे. मोज्यांचा दुसरा जोड घ्या आणि मध्यावर बदला.

गॅरेटहून निघाल्यावर सॉल्झबरीचा पूल येतो, ५८० मीटर लांब. खाली कॅसलमन नदी, हमरस्ता आणि एक चालू रेल्वेमार्ग. मी वर असतानाच खालून मालगाडी गेली आणि ती संपेस्तोवर मी कठड्याला धरून उभी होते. मायर्सडेलला पाणी भरून घ्या, कारण पुढे फ्रॉस्टबर्गपर्यंत दुकान नाही. माझ्याकडे दशम्या होत्या, त्या पाणलोटाच्या धारेवर बसून खाल्ल्या. ही ईस्टर्न कॉन्टिनेन्टल डिव्हाइड, उंची २,३९२ फूट. पश्चिमेला पडलेलं पाणी ओहायो आणि मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं, पूर्वेचं पोटोमॅकमधून चेसापीक उपसागरात.

तिथून थोडं पुढे बिग सॅव्हेज बोगदा. जवळजवळ एक किलोमीटर. आत दिवे आहेत, तरी टॉर्च हातात असू द्या. भिंतीवरून पाणी झिरपत होतं आणि माझ्याच पावलांचा आवाज मागून कुणी येतंय असा वाटत होता. मी मुद्दाम मोठ्याने आरती म्हटली. बाहेर पडल्यावर समोर एकदम मेरीलँडचे डोंगर, एकामागे एक, लाल-पिवळे. तिथे मी बराच वेळ बसले. शटलचा सगळा राग तिथे गेला असं म्हणणार नाही, पण इतकं चालून स्वतःच्या पायांनी इथे आले याचा अभिमान नक्की वाटला.

पुढे मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमधली सीमा, ओलांडून राज्य बदलतं, मग बोर्डन बोगदा. यात दिवे नाहीत, टॉर्च खरी इथे लागते. फ्रॉस्टबर्ग गाव वाटेपेक्षा बरंच वर आहे, नागमोडी वळणं चढून जावं लागतं. त्या चढासाठी पायात जीव राखून ठेवा. शिकारीचा हंगाम असतो, अंगावर नारिंगी काहीतरी हवं, हे आधी लिहायला हवं होतं.

आणि बिग सॅव्हेज हिवाळ्यात बंद करतात, आत झिरपणारं पाणी गोठून अस्तराचं नुकसान होऊ नये म्हणून. साधारण डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दारं लावलेली असतात. वळसा डोंगरावरच्या गाडीरस्त्यांनी आहे, एकटीने चालत जाण्यासारखा नाही. तेव्हा आधी बोगदा उघडण्याची तारीख बघा, आणि मगच शटलवाल्याला फोन करा. फॉर्म भरू नका, फोनच करा.