नवा फ्लॅगशिप येतोय, तोवर हे पाहून ठेवा

ॲपल आणि सॅमसंगच्या सगळ्यात वरच्या फोनला, म्हणजे फ्लॅगशिपला, टक्कर द्यायला कुणी नवा खेळाडू येणार असला की फोन सादर होण्याच्या कितीतरी आधी बातम्या फुटतात. त्यातल्या बहुतेक अफवा सोडून द्याव्यात. विश्वास ठेवावा असे स्रोत मोजकेच आहेत. चीनमध्ये फोनला मंजुरी देणाऱ्या टेना या संस्थेच्या यादीत फोनची लांबी-रुंदी, वजन, बॅटरी आणि कॅमेऱ्यांचे मेगापिक्सेल येतात. तिथल्याच थ्री-सी या सुरक्षा प्रमाणपत्रातून चार्जर किती वॉटचा हे समजतं. एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या कागदपत्रांत रेडिओचे बँड असतात. गीकबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणी ॲपच्या यादीत चिपच्या कोरची मांडणी आणि रॅम दिसते, पण तिथलं फोनचं नाव कुणालाही बदलता येतं, म्हणून एकट्या गीकबेंचच्या नोंदीवर फार विसंबू नये.

टेनाचा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. तिथे बहुधा बॅटरीची रेटेड क्षमता, म्हणजे कंपनी हमी देते ती किमान क्षमता लिहिलेली असते. जाहिरातीत येते ती टिपिकल, म्हणजे सरासरी क्षमता. गॅलेक्सी एस२३ अल्ट्राची बॅटरी ५,००० एमएएच म्हणून विकली गेली, तिची रेटेड क्षमता ४,८५५ होती. त्यामुळे यादीत थोडा कमी आकडा दिसला म्हणून निराश होण्याचं कारण नाही.

अशा फोनची मी मनापासून वाट पाहतो, कारण दणकट प्रतिस्पर्धी आला की प्रस्थापितांनाही हलावं लागतं. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनेही गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचंच वचन दिलं. २०२१ मध्ये एलजीने फोनचा धंदा बंद केला, एचटीसी त्याआधीच मागे पडली होती. वरच्या फळीत जागा रिकामी आहे आणि ती कुणीतरी भरावी असं फार वाटतं.

पण सुटे भाग विकत घेता येतात, त्यांची घडी बसवायला लागणारा वेळ विकत मिळत नाही. २०१७ चा इसेन्शियल फोन आठवून पाहा. टायटॅनियमची चौकट, सिरॅमिकची पाठ, कॅमेऱ्याभोवती खाच असलेला स्क्रीन आणि तोही आयफोन एक्सच्या आधी. हार्डवेअर देखणं होतं, पण कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर कच्चं निघालं. अपडेट येत गेले तसा कॅमेरा सुधारला, तोवर लोकांचं मत बनलेलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनी बंद झाली. नव्या फ्लॅगशिपकडे पाहताना माझा पहिला प्रश्न म्हणूनच हा असतो की या भागांवर कंपनीने किती काम केलंय.

चिपपासून सुरुवात करू. क्वालकॉम किंवा मीडियाटेकची सर्वांत वरची चिप कुणीही घेऊ शकतं, त्यामुळे पहिल्या मिनिटाचा वेग सगळ्यांचा जवळपास सारखा असतो. खरा फरक दहाव्या मिनिटाला दिसतो. फोनमध्ये पंखा नसतो. हाताला चटका न बसता फोनच्या अंगातून सतत बाहेर टाकता येणारी उष्णता साधारण चार-पाच वॉटची, आणि आजच्या वरच्या चिपा पूर्ण जोरात चालल्या तर दहा वॉटच्याही वर जातात. मधली तफावत सॉफ्टवेअर वेग कमी करून भरून काढतं. व्हेपर चेंबर म्हणजे तांब्याची किंवा स्टीलची सपाट बंद डबी. आतलं थोडंसं पाणी चिपपाशी वाफ होतं, थंड टोकाला पुन्हा पाणी होतं आणि जाळीतून परत येतं. त्याने उष्णता पसरते, नाहीशी होत नाही. डबी किती चौरस मिलिमीटरची आहे हे जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं. पाठ किती अंशांपर्यंत तापू द्यायची ही कंपनीने ठरवलेली मर्यादा मात्र कुठेच छापलेली नसते.

चिप कुणाच्या कारखान्यात बनली हेही पाहा. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या कारखान्यात तयार झाली आणि तापण्यासाठी गाजली. पुढे २०२२ मध्येच क्वालकॉमने ८ प्लस जेन १ तैवानच्या टीएसएमसी या चिप कारखानदाराकडून बनवून घेतली आणि जवळपास तीच रचना कमी विजेत चालू लागली. २०१५ च्या स्नॅपड्रॅगन ८१० ची गोष्टही अशीच. तापण्यामुळे त्या वर्षीचे अनेक अँड्रॉइड फ्लॅगशिप अडचणीत आले, आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस६ मध्ये स्वतःची १४ नॅनोमीटरची एक्सिनॉस चिप वापरून तो घोळ टाळला.

चाचणी पाहायचीच तर थ्रीडी मार्क या चाचणी ॲपची वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम स्ट्रेस टेस्ट पाहा. एकेका मिनिटाच्या २० फेऱ्या होतात आणि सर्वांत कमी गुण भागिले सर्वांत जास्त गुण ही टक्केवारी स्थिरता म्हणून दिली जाते. इथे लोक हमखास फसतात. ९५ टक्के स्थिरता दाखवणाऱ्या फोनने कदाचित सुरुवातीपासूनच वेग आवरून धरलेला असतो, आणि ६५ टक्केवाला शेवटच्या फेरीतही त्याच्यापेक्षा पुढे असू शकतो. टक्केवारी बाजूला ठेवून विसाव्या फेरीचे गुण आणि तेव्हाचं पाठीचं तापमान, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. चाचणी ॲपचं नाव ओळखून वेग बदलणारे फोनही होऊन गेलेत. याच कारणाने गीकबेंचने २०२१ मध्ये वनप्लस ९ ला आणि २०२२ मध्ये गॅलेक्सी एस२२ मालिकेला आपल्या यादीतून वगळलं होतं. चाचणीचे गुण आणि रोजच्या ॲपमधला वेग यांचा मेळ बसत नसेल तर शंका घ्यायला जागा आहे.

कॅमेऱ्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्या कंपन्या सर्वांत जास्त इथेच घसरतात.

एक इंची सेन्सर प्रत्यक्षात एक इंचाचा नसतो. तो साधारण १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. तरीही १/१.३ इंची सेन्सरपेक्षा त्याचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त भरतं, आणि कमी उजेडात ते दिसून येतं. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर रोजच्या वापरात १६ पिक्सेलचा एक करून १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतो. उजेड भरपूर असला तरच पूर्ण २०० चा फायदा होतो.

मोठ्या सेन्सरची किंमतही मोजावी लागते. फोकसची खोली कमी होते, म्हणून जवळून घेतलेल्या कागदाचा मधला भाग ठळक आणि कडा पुसट येतात. सगळ्यात जवळचं फोकस अंतरही वाढतं, त्यामुळे वस्तू जवळ आली की फोन गुपचूप अल्ट्रावाइडवर, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर, उडी मारतो. त्या अल्ट्रावाइडला ऑटोफोकस नसेल तर जवळचे फोटो कायमचे मऊ राहतात. म्हणून वैशिष्ट्यांच्या यादीत अल्ट्रावाइडसमोर ऑटोफोकस लिहिलंय का, हे मी मुख्य कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलच्याही आधी शोधतो.

फोन हातात आला की छापील मजकुराचं पान २० सेंटिमीटरवरून टिपा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. घरातल्या दिव्याच्या उजेडात चालत्या माणसाचे लागोपाठ दहा फोटो काढा, मग फोटोच्या तपशिलात शटरचा वेग वाचा. १/३० सेकंद दिसला तर हात-पाय पुसट येणारच. १/१०० च्या आसपास किंवा त्याहून वेगवान असेल तर कंपनीने हालचाल ओळखण्यावर मेहनत घेतली आहे. व्हिडिओ सुरू ठेवून १x वरून हळूहळू टेलिफोटोपर्यंत, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत, जा. लेन्स बदलण्याच्या क्षणी रंग पिवळटाचे निळसर झाले किंवा चित्र उडालं, तर तिन्ही कॅमेऱ्यांचे रंग एकमेकांशी जुळवायचं काम अर्धवट राहिलंय. शेवटी हाच फोटो एखाद्या सोशल ॲपच्या आतल्या कॅमेऱ्यातून काढा. तिथे कंपनीची प्रक्रिया पूर्णपणे लागू होत नाही, म्हणून नव्या फोनचा फोटो एकदम मळकट दिसू शकतो. ॲपल इथे बराच काळ पुढे राहिलंय आणि ते अंतर कापणं भल्याभल्यांना जड गेलंय.

बॅटरीत सध्या खरोखर नवं काही घडतंय. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत ऋण ध्रुव ग्रॅफाइटचा असतो आणि एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त ३७२ एमएएच धरू शकतो. सिलिकॉनची सैद्धांतिक क्षमता ३,५०० च्या वर आहे. अडचण अशी की चार्ज होताना सिलिकॉन फुगून सुमारे तिपटी-चौपटीने मोठा होतो आणि असं वारंवार झालं की कणांना तडे जातात. म्हणून तो कार्बनच्या सच्छिद्र सांगाड्यात थोड्या प्रमाणात मिसळतात. पातळ फोनमध्ये ६,००० किंवा ७,००० एमएएच बसू लागले ते यामुळे, आणि यात आव्हान देणाऱ्या चिनी कंपन्यांनी आघाडी घेतली.

एकाच फोनची बॅटरी वेगवेगळ्या देशांत वेगळी का, याचं एक कारण वाहतुकीच्या नियमांत आहे. धोकादायक मालाच्या नियमांत एका सेलसाठी २० वॉट-तासांची मर्यादा महत्त्वाची ठरते. त्याच्या वर गेलं की पाठवणी किचकट आणि महाग होते. ५,००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे १९.२५ वॉट-तास, मर्यादेच्या आत. ६,००० झाले की २३.१. मग कंपनी एकतर सेल दोन करते, नाहीतर त्या बाजारासाठी क्षमता कमी करते. चीनमधल्या लाँचचा आकडा ऐकून खूश होण्याआधी आपल्याकडे येणाऱ्या मॉडेलचा आकडा तपासा.

टिकाऊपणासाठी युरोपीय संघाचं ऊर्जा लेबल उपयोगी पडतं. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनवर ते सक्तीचं आहे, आणि ८०० वेळा चार्ज-डिस्चार्ज झाल्यावरही किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे अशी अटही आहे. फोन तिथे विकला जाणार असेल तर लेबलवर किती सायकल लिहिल्यात ते जगात कुठूनही वाचता येतं. एकाच वेळी पातळपणा, क्षमता आणि घाई या तिन्हींचा हट्ट धरला की काय होतं हे २०१६ च्या गॅलेक्सी नोट ७ ने दाखवलं. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीचा कोपरा दाबला जात होता, आणि बदलून दिलेल्या दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीत वेल्डिंगचे काटे आत टोचत होते. शेवटी उत्पादनच थांबवावं लागलं.

चार्जिंगच्या बाबतीत १०० वॉट ऐकलं की लगेच दुसरा प्रश्न विचारा: यूएसबी पीडीच्या पीपीएसवर, म्हणजे सगळ्या कंपन्यांसाठी असलेल्या सामाईक चार्जिंग पद्धतीवर, किती? कंपनीच्या स्वतःच्या ॲडॉप्टरवरचा वेग इतर कुठल्याही ॲडॉप्टरवर मिळेलच असं नाही, आणि हल्ली ॲडॉप्टर खोक्यात असेलच याचाही भरवसा नसतो. केबलमध्ये ओळख देणारी ई-मार्कर चिप नसेल तर टाइप-सीवर साधारण ३ अँपिअरच्या पुढे जात नाही. पूर्ण वॉटेज तसंही सुरुवातीची काही मिनिटंच टिकतं.

स्क्रीनचे निट्स, म्हणजे चमकेचा आकडा, मी फार मनावर घेत नाही. ४,०००-५,००० हा आकडा पडद्याच्या अगदी छोट्या तुकड्यावर मोजलेला असतो. उन्हात वाचायला लागते ती पूर्ण पडदा पांढरा असतानाची चमक, आणि ती बरीच कमी असते.

एखाद्या फोनचा सगळ्यात स्वस्त प्रकार निवडताना सावध राहा. गॅलेक्सी एस२३ च्या १२८ जीबीत यूएफएस ३.१ या जुन्या प्रकारचं स्टोरेज होतं आणि २५६ जीबीत यूएफएस ४.०, फोनचं नाव एकच, पण १२८ जीबीचा डेटा वाचण्याचा वेग जवळपास निम्मा. पोर्टचंही तसंच. यूएसबी २ असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला ४० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे १०० जीबी व्हिडिओ संगणकावर उतरवायला चाळीस मिनिटं. वाइडवाइन एल१, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची सर्वांत वरची पातळी, आहे का तेही पाहून घ्या, नाहीतर ओटीटीवर चित्र ४८० पीच्या पुढे सरकत नाही. वनप्लस ५ आणि ५टी असेच बाजारात आले होते आणि दुरुस्तीसाठी फोन कंपनीकडे पाठवावे लागले.

अपडेटची वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही. नव्या कंपनीने सात वर्षं म्हटलं तर सुरक्षेचे पॅच दर महिन्याला की तिमाहीला, हे विचारा. त्या कंपनीचा दोन वर्षांपूर्वीचा फोन आज कुठल्या महिन्याच्या पॅचवर आहे ते शोधलंत तर कुठल्याही आश्वासनापेक्षा जास्त कळेल.

घ्यायचं ठरलंच तर परत करण्याची मुदत संपायच्या आत या गोष्टी उरका. आपल्या सिमवर व्होल्टी, म्हणजे ४जीवरून होणारा कॉल, आणि वायफाय कॉल लागतो का. नेटवर्क कंपनीने नवा फोन मंजूर केला नसेल तर बँड असूनही कॉल जुन्या नेटवर्कवर पडतो. कॉल चालू असताना फोन कानाला लावून पडदा विझतो का. कान जवळ आल्याचं ओळखणारे पडद्याखालचे प्रॉक्सिमिटी सेन्सर इथे दगा देतात. काळोखात गडद राखाडी चित्र लावून पडद्यावर हिरवट छटा किंवा पट्टे दिसतात का. स्क्रीनगार्ड लावल्यावर बोटाचा ठसा पुन्हा नोंदवा, तो लावण्याआधीचा नोंदवलेला ठसा पुष्कळदा चुकतो. वर सांगितलेले कॅमेऱ्याचे फोटो जपून ठेवा आणि पहिले दोन अपडेट आल्यावर त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढा. रंग आणि शटरचा वेग सॉफ्टवेअरने सुधारतो. पानाचे पुसट कोपरे सुधारत नाहीत, कारण ते लेन्समध्येच आहेत.