402 मीटरची टेकडी आणि माझा डावा बूट

सिंहगड कितीतरी वेळा चढलोय, 402 मीटर म्हणजे काय, टेकडीच की, असं बायकोला ऐकवून निघालो आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत काळा होऊन परत आलो.

जागा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमधली इल्कली मूर, म्हणजे झाडं नसलेला उघडा, दलदलीचा माळ. लीड्सहून ट्रेन, मग गावातून वर चढ, व्हाइट वेल्सचं पांढरं घर, पुढे ट्वेल्व्ह अपॉसल्स म्हणून ब्राँझ युगातल्या दगडांचं वर्तुळ. इथपर्यंत काही त्रास नाही, वाट मळलेली आहे. तिथून पश्चिमेला किलोमीटरभर गेलं की ट्रिग पॉइंट, म्हणजे नकाशासाठी मोजणी करायला माथ्यावर उभारलेला खांब.

ऑफिसातला एक जण म्हणालेला, 'सरळ जा, पंधरा मिनिटं.' त्या 'सरळ'नेच घात केला. पायवाट जराशी वळसा घेते म्हणून मी ॲपवरची सरळ रेघ धरून हेदरमध्ये, म्हणजे जांभळ्या फुलांच्या झुडपांत, घुसलो. ऑगस्टअखेर, सगळीकडे जांभळं, फोटोत गालिचा दिसतो हो, पण आत गुडघाभर उंच चिवट काटक्या, पाय उचलून उचलून टाकायचा आणि खाली खड्डा आहे की दगड ते काहीच दिसत नाही. दहा पावलांत धाप. पायाखालून एक ग्राउस पक्षी 'गोबॅक गोबॅक' ओरडत उडाला, तेव्हाच ऐकायला हवं होतं. मग हेदर संपून पोपटी हिरवळ दिसली, हुश्श केलं आणि पाय ठेवला तर थेट गुडघ्यापर्यंत आत!! ती हिरवळ नव्हतीच, पाण्यावर तरंगणारं शेवाळ होतं. पाय ओढला तर पचाक करून पाय आला, बूट आतच. पालथं पडून कोपरापर्यंत हात घालून तो काढला, त्यातून कोऱ्या चहासारखं पाणी ओतलं आणि परत घातला. सहाशे मीटरला पन्नास मिनिटं लागली. पंधरा म्हणे.

तर पोपटी शेवाळ किंवा लव्हाळा दिसला की लांबून वळा, आणि वाट सोडू नकाच. पँट मोज्यात खोचा, गोचिड्या असतात.

माथा इतका सपाट की खांब अगदी जवळ गेल्यावरच नीट दिसला. चारेक फुटांचा काँक्रीटचा खांब, बस्स. पण वर हात ठेवला तर पितळी चकतीत तीन खाचा लागल्या, थिओडोलाइटचे, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राचे, पाय बसवायला केलेल्या. 1936 पासून ऑर्डनन्स सर्व्हेने, म्हणजे तिथल्या सरकारी नकाशा संस्थेने, देशभर असे साडेसहा हजारांच्या आसपास खांब उभारले, आता जीपीएसमुळे काम संपलंय. ही माणसं सिमेंट, वाळू घेऊन अशा ठिकाणी चढली आणि मी एक बूट सांभाळू शकलो नाही, पण खरं सांगतो, त्या खाचांत बोट फिरवताना भारी वाटलं.

परतताना गपचूप वाटेने आलो, वीस मिनिटांत दगडांपाशी. आणि हो, ओला बूट हीटरला टेकवून ठेवू नका, चामडं तडकतं. माझं तडकलंय.